फेल्टची पट्टी मधोमध का नाही?

“पट्टी मधोमध का नाही लावली?” मी तिसऱ्यांदा विचारलं.

गावंडे माझ्यासमोर बसले होते. नागपुरात त्यांची स्कॅनिंगची कंपनी होती. पेटंटच्या अर्जात शोधक म्हणून त्यांचंच नाव होतं, आणि इतक्या साध्या प्रश्नावर ते मोबाइल चाळत होते.

“टेस्टिंग केलं ना मॅडम. तिथेच रिझल्ट आला.”

“टेस्टिंग कुठे केलं?”

“लॅबमध्ये.”

“कोणत्या?”

“आमच्याच.”

त्यांच्या ऑफिसात मी दोनदा जाऊन आले होते. चार कॉम्प्युटर, एक वॉटर कूलर आणि लग्नपत्रिकांचा एक गठ्ठा. लॅब काही दिसली नव्हती.

मी पेटंट एजंट आहे. कुणी नवं काही शोधलं की त्याचा अर्ज लिहायचा, तो पेटंट ऑफिसात दाखल करायचा आणि तिथल्या आक्षेपांना उत्तरं द्यायची, हे माझं काम. ही गोष्ट विदर्भात लोडशेडिंग जोरात होतं त्या वर्षांतली आहे.

गावंड्यांची कंपनी सरकारी कचेऱ्यांमधले जुने नकाशे आणि रजिस्टरं स्कॅन करून द्यायची. मोठ्या स्कॅनरमध्ये कागदावर उजेड टाकतात. कागदावरून परतलेला उजेड एका आरशावर पडतो आणि आरसा तो लेन्सकडे वळवतो. हा आरसा हातभर लांब, दोन बोटं रुंद. दोन्ही टोकांना पकडलेला, बाकी मोकळा. मशीन हादरलं की आरसा थरथरतो, आणि कागदावरची सरळ रेघ कॉम्प्युटरवर नागमोडी उमटते. जमिनीच्या नकाशात रेघ नागमोडी झाली तर काय होईल ते सांगायला नको.

आमच्या अर्जातला उपाय साधा होता. आरशाच्या पाठीला फेल्टची, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या जाड कापडाची, छोटी पट्टी हलकेच टेकवायची. मधोमध नाही, एका टोकापासून तिसऱ्या हिश्श्याच्या थोडं अलीकडे.

पेटंट ऑफिसातल्या परीक्षकाने रिपोर्ट पाठवला तो नेमका याच मुद्द्यावर. त्याला एक जुनं जपानी पेटंट सापडलं होतं. त्यात आरशाच्या पाठीला मधोमध रबराचा तुकडा होता. परीक्षकाचं म्हणणं, मधला तुकडा बाजूला सरकवला यात शोध कसला? आमच्या भाषेत याला ‘ऑब्व्हियस’ म्हणतात, म्हणजे त्या धंद्यातल्या जाणत्या माणसाला सहज सुचेल असं. सहज सुचणाऱ्या गोष्टीला पेटंट मिळत नाही. ठरलेल्या मुदतीत पटेल असं उत्तर दिलं नाही तर अर्ज संपला.

उत्तर एकच होतं. बाजूला का, याचं कारण. आणि ते शोधकाला ठाऊक नव्हतं.

मी गावंड्यांकडे टेस्टिंगचे आकडे आणि फोटो मागितले. आठवड्याने एक तक्ता आला. सगळे आकडे शून्याने संपणारे, सुबक. खऱ्या मोजमापात इतका सुबकपणा नसतो. माझ्या मनात पाल चुकचुकली. फोटो मात्र खरे वाटले. धुळीने भरलेलं उघडं मशीन आणि आरशाची पट्टी. मी भिंग घेऊन बसले. आरशाच्या लोखंडी चौकटीवर पेन्सिलीच्या बारीक खुणा होत्या आणि प्रत्येक खुणेपाशी एक आकडा. देवनागरी नाही, इंग्रजीही नाही. शाळेतल्या एका मैत्रिणीमुळे मला उर्दू आकडे ओळखता येत. एक ते सात. पाचाला गोल केलेला.

मी फोन लावला. “गावंडे, तुम्हाला उर्दू येतं?”

“उर्दू? नाही. काऊन?”

“हे फोटो कुठे काढलेत?”

“राजुऱ्याच्या साइटवर.”

“लॅबमध्ये नाही?”

“साइटलाच आम्ही लॅब म्हणतो.”

“मग मी जाऊन बघून येते.”

“काही गरज नाही मॅडम. खाणीची धूळ, त्यात ऊन. तुम्ही कशाला त्रास घेता?”

त्यांना माझी एवढी काळजी याआधी कधी वाटली नव्हती. मी दुसऱ्याच दिवशी सकाळची एसटी पकडली.

राजुरा पूर्वी निजामाच्या मुलखात होतं. त्यामुळे तिथल्या जुन्या रजिस्टरांमधली बरीचशी उर्दूत. एका कचेरीच्या मागच्या खोलीत कंपनीचं मशीन होतं. खिडकीबाहेर दहा पावलांवर डिझेलचं जनरेटर. मी पोचले तेव्हा लाइट गेलेली होती आणि जनरेटरच्या धडधडीने टेबलावरचा चहाचा पेला कापत होता.

मशीनवर वंदना नावाची पंचविशीतली ऑपरेटर होती. जिवतीकडच्या खेड्यातली, घरी कापूस-सोयाबीनची शेती. मी ओळख सांगितली तशी तिने हातातलं रजिस्टर मिटलं.

“आरसा बघायचाय,” मी म्हटलं.

“मशीन खोलाची नाई म्हणून सांगलं हाय साहेबानं. बाहेरच्या माणसासमोर तं बिल्कुलच नाई.”

“कधी सांगितलं?”

“कालच फोन आलता.”

म्हणजे माझ्याआधी फोन पोचला होता. मी आरशाचा विषय सोडून दिला. बाकावर बसले, पाणी मागितलं, तिच्या गावच्या पावसापाण्याचं विचारलं. मग सहज बोलल्यासारखं म्हटलं, “ही रजिस्टरं उर्दूत आहेत. नावं, नंबर तुम्हाला वाचून कोण देतं?”

“नसीमभाऊ येते ना. काचवाले. बस स्टँडपाशी फ्रेमचं दुकान हाय त्याहीचं…” आणि ती एकदम थांबली. तिने माझ्याकडे पाहिलं. “तुम्ही त्याइले त्रास तं नाई देणार ना मॅडम?”

हा प्रश्न मला खटकला. काचवाल्याला कसला त्रास?

नसीमभाई पन्नाशी ओलांडलेले होते. दुकानात दाराच्या काचा, देवांच्या तसबिरी, मक्केचे फोटो, सगळं एकाच भिंतीला टेकलेलं. ते हिरकणीने काच कापत होते. मी स्कॅनरचं नाव काढताच त्यांचा हात थांबला.

“मशीनचा मिरर? मी नाई पाह्यला, बाई.”

“चौकटीवरचे उर्दू आकडे तुमचे आहेत ना?”

“राजुऱ्यात उर्दू येणारे गल्लीगल्लीत हायेत.” त्यांनी पुन्हा काचेकडे नजर वळवली. “मी तं फकत रजिस्टर वाचाले जातो.”

खोटं बोलायची सवय नसलेला माणूस खोटं बोलताना फार नेटाने काम करू लागतो. ते तसंच करत होते. पण मला कारण हवं होतं, आणि दरडावून ते मिळणार नव्हतं. मी उठल्यासारखं केलं. दारात थांबून म्हटलं, “कुणी का लावली असेना, पट्टी चुकली. मधोमध लावायला हवी होती. आमच्याकडचे इंजिनिअरही तेच म्हणतात.”

हिरकणी खाली आली.

“मधात? मधात लावून काय फायदा?”

“आरसा मध्येच जास्त हलणार ना?”

“कोन म्हणते? बसा इथी.”

त्यांनी आरशाची एक लांब पट्टी काढली आणि दोन लाकडी ठोकळ्यांवर तिची टोकं टेकवली. काचेच्या कडा घासायचं एक छोटं यंत्र दुकानात होतं. त्याच फळीवर हे सगळं ठेवलं. पट्टीवर घासायची बारीक पावडर भुरभुरली आणि यंत्र चालू केलं. पावडर थरथरली, नाचली आणि बघता बघता सरकत गेली. पट्टीच्या बरोबर मध्ये तिचा एक लहानसा ढीग जमला. दोन्ही बाजूंचे भाग मोकळे झाले.

“जिथी पावडर थांबली तिथी काच थांबली,” नसीमभाई म्हणाले. “मध तं शांत हाय. दोन्ही बाजू नाचून राह्यल्या. शांत माणसाले पकडून काय करता? नाचते त्याले पकडा.”

मग त्यांनी यंत्राचा वेग कमी केला आणि पट्टीवर पुन्हा पावडर भुरभुरली. आता मधला भाग हलू लागला. जनरेटरचा वेग लोडप्रमाणे कमी-जास्त व्हायचा, तसा आरसा कधी मध्ये हलायचा, कधी बाजूंना. म्हणून अशी जागा हवी होती की जी दोन्ही वेळा हलते. ती त्यांनी एकेक खूण करत शोधली होती. सातांपैकी पाचवी.

परीक्षकाला द्यायचं उत्तर माझ्यासमोर त्या फळीवर पडलं होतं. कॉलेजात मी हेच समीकरण मांडून सोडवलं होतं. पावडर टाकून कधी बघितलं नव्हतं.

तरी माझा संशय गेला नाही. ही युक्ती त्यांना दुसऱ्या कुणी दाखवली असली तर? एकदा न विचारता गावंड्यांचं नाव मीच लिहिलं होतं. तीच चूक दुसऱ्यांदा करायची नव्हती. मी पुरावा मागितला. नसीमभाईंनी माळ्यावरून वर्तमानपत्रात बांधलेलं एक पुडकं काढलं. आत तीन फुटके आरसे होते, स्कॅनरचेच. तिन्हींच्या पाठीवर डिंकाचे डाग आणि पेन्सिलीचे उर्दू आकडे.

“पहिला मधातच दाबला होता. फुटला. मंग हे दोन.” ते माझ्याकडे न बघता म्हणाले. “साहेब म्हणे, तोंड खोललं तं मिरर फोडल्याची पोलिसात तक्रार देईन. मले वाटलं तुम्ही त्याच्यासाठीच आल्या.”

वंदनाच्या प्रश्नाचा अर्थ मला आत्ता कळला.

एक धोका अजून होता. अर्ज दाखल होण्याआधी हा उपाय बाजारात उघडपणे वापरला गेला असेल, तर तो नवा राहत नाही आणि पेटंट मिळत नाही. मी विचारलं, “हे आणखी कुठे लावून दिलंत?”

“चंद्रपूरच्या एका झेरॉक्सवाल्याले.”

“कधी?”

“मार्कंड्याच्या जत्रेहून परतलो, त्याच्या दुसऱ्या दिवशी.”

जत्रा महाशिवरात्रीची. आमचा अर्ज त्याच वर्षीच्या संक्रांतीच्या आधीचा. म्हणजे अर्ज वाचला होता. वंदनाला पुन्हा विचारून खात्री केली. त्याच जत्रेला तीही गेली होती, तिने तेच सांगितलं.

नागपूरला परतल्यावर गावंड्यांना बोलावलं. आधी ते चिडले.

“मॅडम, तो माणूस माझ्या साइटवर होता. मशीन माझं, आरसे माझे. त्याच्या कामाचे पैसे दिले मी.”

“पेटंटचा हक्क तुम्ही त्यांच्याकडून लिहून घेऊ शकता. त्यांची मर्जी असेल तर. शोधक हे नाव विकत मिळत नाही. अर्जात खोटं नाव लिहिलं तर पुढे कुणीही पेटंट रद्द करून मागेल.”

“मी दुसरा एजंट बघतो.”

“जरूर बघा. तोही विचारेल, पट्टी मधोमध का नाही. तुम्ही काय सांगणार?”

ते उठून गेले. दोन दिवस फोन उचलला नाही. तिसऱ्या दिवशी स्वतःच आले आणि खुर्चीत बसायच्या आधी म्हणाले, “काय करावं लागेल सांगा.” त्यांना पश्चात्ताप झाला असेल असं मला वाटत नाही. त्यांच्याकडे उत्तर नव्हतं, एवढंच.

शोधकाचं नाव दुरुस्त करायचा अर्ज केला. गावंड्यांचं नाव काढलं, नसीमभाईंचं घातलं. कंपनीने त्यांच्याशी रीतसर करार केला. पोलिसात तक्रार देणार नाही हे त्यात लिहून घ्या, असा आग्रह नसीमभाईंनी धरला. असं कलम मी आयुष्यात दुसऱ्या कुठल्या करारात लिहिलेलं नाही.

सुनावणी मुंबईला होती. अधिकारी अनुभवी होते आणि त्यांचा चेहरा माझ्यापेक्षा संशयी. मध्येच बदललेलं नाव त्यांना पटत नव्हतं. पेटंट वाचवायला कुठून तरी एक कारागीर उभा केलाय, असं त्यांना वाटलं असावं. माझं सगळं म्हणणं ऐकून झाल्यावर ते थेट नसीमभाईंकडे वळले.

“पट्टी तुम्ही पहिल्यांदा कुठे लावली?”

मी मनातल्या मनात कपाळावर हात मारला. नसीमभाईंना आदल्या दिवशी पाचव्या खुणेचं कारण दहा वेळा सांगायला लावलं होतं. हा प्रश्न तयार केलेला नव्हता.

“मधातच लावली, साहेब,” नसीमभाई म्हणाले. “सारे तिथीच लावते. मी बी तिथीच लावली. आरसा हलाचा थांबला नाई. मी अजून दाबला. फुटला.”

“मग?”

“मंग राग आला. मंग पावडर टाकून पाह्यली.”

अधिकाऱ्यांनी पेन उचललं. जाणता माणूसही आधी मधोमधच लावतो आणि चुकतो, म्हणजे बाजूची जागा सहज सुचणारी नाही. मी चार पानांत जे मांडलं होतं, ते नसीमभाईंच्या एका फजितीत आलं होतं. “हे लेखी द्या,” अधिकारी मला म्हणाले. “प्रतिज्ञापत्रावर. फुटलेल्या आरशांच्या फोटोंसकट.”

आमचा दावा थोडा आखडता घ्यावा लागला. पट्टी बाजूला कुठेही, असं म्हणता आलं नाही. टोकापासून ठरावीक अंतरावरच, असं लिहावं लागलं. पेटंट मिळालं. ते मिळेपर्यंत आरसाच नसलेले स्कॅनर बाजारात येऊ लागले होते. कंपनीला त्याचा उपयोग दोन-तीन वर्षं झाला. नसीमभाईंनी सर्टिफिकेटची प्रत मागवून घेतली. नावाचं स्पेलिंग बरोबर आहे का, हे वंदनाकडून वाचून घेतलं, असं तिने फोनवर सांगितलं.

तेव्हापासून मी अर्जातला शोधकाच्या नावाचा रकाना शेवटी भरते. त्याआधी मशीन जिथे उभं असतं तिथे जाते आणि ज्याचं नाव अर्जात नाही अशा एका तरी माणसाशी बोलते. क्लायंटना हे आवडत नाही. ज्यांना फारच आवडत नाही, त्यांच्याकडे मी दोनदा जाते.