चार गाणी आणि एक गिटार

रविवार, ५ मे १९६३ रोजी माझ्या मुलीच्या लग्नाचा बँड पासष्ट रुपयांत ठरला. पंधरा रुपये इसार तिथंच दिला. हजर चौघे होतो: मी, दिग्रसचा बँडमास्तर, मुलीचे होणारे सासरे आणि माझा धाकटा भाऊ.

भाऊ मुंबईत एका हॉटेलात वाढपी होता. तिथं रोज संध्याकाळी वाजवणाऱ्या एका गोवेकरानं त्याला गिटार शिकवली. हॉटेल बंद पडलं तसा तो गिटार घेऊन गावी आला आणि वर्षभर माझ्याकडे बसून होता. या लग्नात त्याला वाजवू देऊन पाहायचं मास्तरनं कबूल केलं. लोकांना पटलं तर बँडात कायम, नाही पटलं तर त्यानं कापसाच्या जिनात हमाली धरायची, असं ठरलं. त्याच जिनात मी काट्यावर कापूस मोजायला होतो.

माझी बायको त्या जानेवारीत तापानं गेली. सोयरीक तिनंच जुळवली होती, म्हणून लग्न पुढं ढकललं नाही. तांदूळ, पत्रावळ्या, मांडवाचे बांबू, सगळं मी वेळेवर आणलं. कुणी धीर दिला की हो म्हणायचो. रडू येत नव्हतं, आणि येत नाही याचंही काही वाटत नव्हतं.

बँड ठरवताना अटी दोन घातल्या. आम्ही छप्पन साली दीक्षा घेतलेली, तेव्हा देवांची गाणी नकोत, असं मी म्हणालो. सिनेमातली चावट गाणी नकोत, असं व्याही म्हणाले. मास्तरनं डोकं खाजवलं.

"मंग भाऊ, माह्या बँडात राह्यलं काय? बारा गाण्यातले चार उरले."

"चार वाजव," मी म्हणालो.

पुढच्या रविवारी बाभुळगावहून वऱ्हाड एसटीनं आलं. मोटारस्टँडपासून मांडवापर्यंत ती चार गाणी दोनदा वाजली. वंदना झाली, लग्न लागलं. जेवणाला मात्र वेळ होता, डाळ शिजायची होती. बँडवाल्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. चौथं गाणं आलं तेव्हा वऱ्हाडातली एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "माय वं, पुन्हा तेच? हे गाणं सरेपर्यंत नवरी दोन लेकरांची माय होते!"

मांडव हसला. मास्तरनं भावाला खूण केली आणि भोंग्याचा माईक गिटारीजवळ सरकवला.

भावानं आधी त्याच चौथ्या गाण्याची चाल सरळ वाजवली. ढोलकीवाल्यानं ठेका धरला. मग भावानं चाल मोडायला घेतली. मी पूर्वी भजनात झांज वाजवायचो, त्यामुळे मांडीवर माझं बोट आपोआप मात्रा मोजू लागलं. दोनदा तो कुठंकुठं फिरून बरोबर समेवर आला. तिसऱ्यांदा आलाच नाही. ढोलकीवाल्यानं वाट पाहिली आणि हात आवरले. भाऊ एकटा पुढं गेला. एक स्वर त्यानं धरून ठेवला, त्याच्याशी न जमणारा दुसरा त्याच्या शेजारी ठेवला, मग बराच वेळ काहीच वाजवलं नाही, मग तारांवर नुसता तळवा घासला. मला वाटलं, चुकला. पण चुकलेला माणूस घाईनं परत येतो. याला घाई नव्हती.

माझं बोट थांबलं. मोजणं माझं सहसा सुटत नाही. जानेवारीत तिच्या खाटेशी बसूनसुद्धा मी श्वास मोजत होतो. इथं सुटलं. बरं वाटलं असं मी म्हणणार नाही. पुढचा स्वर कोणता येतो हे कळावं असं वाटत होतं, एवढंच. जानेवारीपासून पुढचं काही कळावं असं मला वाटलं नव्हतं.

त्यानं वाजवणं थांबवल्यावर व्याही म्हणाले, "हे कोणतं गाणं व्हय?"

"गाणं नाही जी, याले जॅझ म्हणतात," भाऊ म्हणाला. "सुरुवात ठरलेली राहते, पुढचं वाजवता वाजवता सुचते. आताचे काही लोक तं ठेकाही सोडून देतात."

"मधात एखाद्या देवाचं तं नाही ना लपवलं?"

"नाही जी. कोणाचंच नाही."

"कोणाचंच नाही, तं पैसे कायचे?"

मांडव पुन्हा हसला. भाऊ हसला नाही.

जेवणं झाल्यावर हिशेबाला बसलो. "दहा कापा, इवाई," व्याही मला म्हणाले. मास्तर दहा सोडायला तयार होता. म्हणजे भावाचं बँडातलं काम तिथंच संपत होतं. तो गिटारीच्या तारा ढिल्या करत होता, माझ्याकडे पाहत नव्हता.

मी म्हणालो, "अटी दोन होत्या. त्यानं देवाचं वाजवलं नाही, चावटही वाजवलं नाही. कापायचे कशाचे?"

व्याह्यांनी विचार केला. "तुम्हाले समजलं काय त्यातलं?"

"नाही. पण सारं ऐकलं. म्हातारीही उठून गेली नाही."

"ते खरं," व्याही म्हणाले आणि पान जुळवायला लागले.

मास्तर भावाला म्हणाला, "पुढच्या लग्नाले ये लेका. फक्त आधी पंगत बसू दे, मंग वाजव. तोंडात घास असला की कोणी विचारत नाही, कोणतं गाणं व्हय म्हणून."

उरलेले पन्नास रुपये मी बँडमास्तरला दिले. त्यातले सात त्यानं माझ्यासमोर भावाच्या हातावर ठेवले.