भरल्या गाडीचा पहिला उतार

ट्रक कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये एका घरच्या थोरल्या सुनेने महिनाभर ट्रक चालवला, पण रिकामा. रिकामा ट्रक म्हणजे गरीब गाय, वळवाल तिथे वळते. आज पहिल्यांदाच मागे बारा टन सिमेंट होतं आणि शिकवणाऱ्या उस्तादांची सीट मोकळी होती.

डोंगराचा उतार लागला. तिने सवयीने ब्रेक दाबला, तर गाडी थांबायची सोडून पुढेच सरकत राहिली. जणू सगळं सिमेंट पाठीला हात लावून ढकलत होतं. खालच्या वळणावर शाळेची बस उभी दिसली. ब्रेक दाबून धरावा तर तो तापून निकामी होणार, सोडावा तर संपलंच.

"अगं बाई, गियर उतरव!" ती स्वतःवरच ओरडली. दुसरा गियर पडला, इंजिन कण्हलं आणि ट्रक मुंगीच्या पावलांनी बसच्या बाजूने खाली उतरला.

पायथ्याशी तिच्या मागे अडकलेल्या गाडीचा ड्रायव्हर शेजारी येऊन खेकसला, "काय ताई, पायी आलो असतो तर लवकर पोचलो असतो!"

"मग यायचं होतं की पायी," ती म्हणाली.

आवाज खणखणीत निघाला. स्टिअरिंगवरची बोटं मात्र एकेक करून सोडवावी लागली.