रोबो सांगायचा राहून गेला

आता तुमच्यापासून काय लपवायचं? एका रोबोपायी माझ्या हातून असा घोळ झाला, की एका पोरीचं घर फुटता फुटता वाचलं. बरं, तो रोबो तरी खरा असावा की नाही? तोही पुस्तकातला!

आमच्या घणसोलीच्या सोसायटीत सहाव्या मजल्यावर मयुरी राहते. नवरा बोटीवर, महिनोन्‌महिने समुद्रात. मी आपली विरजण मागायला गेले की घरात काय नवीन आलंय ते बघून घेते. माणसानं लक्ष ठेवावं! तर त्या दिवशी सोफ्यावर एक कादंबरी. वरती चित्र होतं, चंद्राखाली एक बाई एका पुरुषाच्या खांद्यावर डोकं टेकून उभी. आणि त्या पुरुषाच्या मानेत चक्क स्क्रू!

"हे काय गं?"

"विज्ञानातली प्रेमकथा आहे, काकू. न्या वाचायला."

मी नववीपर्यंत शिकलेली. त्यानंतर वाचलं ते वाण्याचं बिल आणि मसाल्याच्या पाकिटामागची कृती. पण तो स्क्रू मला चैन पडू देईना. दुपारी दार लावून बसले.

काय ती गोष्ट! बाईचा नवरा यानात बसून दुसऱ्या ग्रहावर जातो. तिला एकटं वाटू नये म्हणून कंपनी हुबेहूब त्याच्यासारखा रोबो घरी पाठवते. तो जेवत नाही, झोपत नाही, पण न सांगता धुतलेले कपडे वाळत घालतो. आमच्या ह्यांनी लग्नापासून एक रुमाल वाळत घातला असेल तर शपथ! मीच त्या रोबोच्या प्रेमात पडले, तिथे त्या बाईचा काय दोष? फक्त एक कळेना. लोखंडाला माया येते कुठून? भाजी ढवळताना तोच विचार, देवाला फूल वाहताना तोच. तुम्हाला काय वाटतं, येत असेल?

आता हे कोणाला तरी सांगायलाच हवं ना!

थंडीत आम्ही बायका मिळून एपीएमसी मार्केटातून मटारची गोणी आणतो आणि पार्किंगमध्ये चटई टाकून सोलत बसतो. हात कामात, तोंडं मोकळी. तोंडांची सोय माझ्याकडे. माझा एक नियम मात्र सगळ्यांना पाठ आहे. कोणाच्या घरातली गोष्ट सांगायची, तर नाव घ्यायचं नाही. ज्यानं त्यानं ओळखावं!

त्या दिवशी नाव न घेण्याचं कारण निराळं होतं. या वयात प्रेमाची कादंबरी वाचते, असं कोण सांगेल? त्यात नायिकेचं नाव असलं अवघड, की जीभ लचकावी. म्हणून नुसतं 'ती' म्हटलं. आणि तो रोबो आहे, हे राखून ठेवलं शेवटाला. गोष्ट रंगायला नको?

"तिचा नवरा लांब गेलाय," मी सुरू केलं, "आणि घरात आता दुसराच. दिसायला थेट नवऱ्यासारखा!"

तळमजल्यावरच्या पाटीलवहिनी, इथल्या मूळ गावच्या. त्यांच्या हातातली शेंग हातातच राहिली. "काय सांगतंस बाय! घरान हाय तो?"

"घरातच! पण जेवत नाही हो. ताटाकडे बघतसुद्धा नाही."

"डाएट असेल," समोरच्या विंगेतल्या सावंतबाई म्हणाल्या.

"रात्रभर जागा. अंधारात तोंडावर निळा उजेड."

"नाइट शिफ्ट," त्या पुटपुटल्या आणि पाटीलवहिनींना कोपरानं ढोसलं.

मी माझ्याच नादात. "आणि तिचे कपडे वाळत कोण घालतं? तोच!"

"अगो बाय माझे! तिचा जीव बसलाय काय त्याच्यावं?"

"बसेल नाही तर काय? माझासुद्धा बसला असता!"

इतक्यात वरून आमच्या ह्यांची हाक, कुकर शिट्ट्यांवर शिट्ट्या देतोय म्हणून. गॅस बंद करायला ह्यांना हात नाहीत! मी धावले. रोबो सांगायचा राहून गेला.

आणि मयुरीचा धाकटा दीर, नितेश, नुकताच नोकरीसाठी तिच्याकडे राहायला आलेला. दिसायला भावाची झेरॉक्स. जिमच्या नादानं भात सोडलेला. रात्रभर लॅपटॉपवर काम. मला ठाऊक नव्हतं असं नाही हो, बिल्डिंगमध्ये सगळ्यात आधी मलाच ठाऊक! पण माझ्या डोक्यात रोबो होता, नितेश नव्हता.

संध्याकाळी खाली उतरले, तर वॉचमनसुद्धा मान वर करून सहावा मजला न्याहाळतोय. कोणीतरी चिपळूणला, मयुरीच्या सासरी, फोन लावला होता. सकाळी मयुरीच्या सासूबाई दारात!

काय गडबड आहे ते बघायला मी वर गेले. नितेश बॅग भरत होता. मयुरीचे डोळे सुजलेले. मला म्हणाली, "काकू, मी तुम्हाला घरचं समजत होते."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. "अगं, ती तुझ्या त्या पुस्तकातली गोष्ट होती!"

मयुरीला कळलं. सासूबाईंना नाही पटलं. "जिथे बोललात तिथेच सांगा. चला खाली."

पार्किंगमध्ये सगळ्यांसमोर सांगितलं, पुस्तकातलं होतं म्हणून. सगळ्यांना हसूच फुटलं. सावंतबाई म्हणाल्या, "तुम्ही आणि पुस्तक? काकू, लिफ्टमधली नोटीससुद्धा तुम्ही मला वाचायला लावता!"

शेवटी कादंबरी आणली, चष्मा चढवला आणि ओळीखाली बोट धरून, अडखळत, मोठ्यानं वाचायला लागले. नवरा गेला. खोका आला. मानेतला स्क्रू आला, तशी सावंतबाईंची मान खाली गेली. कपडे वाळत घालण्यापर्यंत पोचले, तर पाटीलवहिनींचा पदर डोळ्यांना. "मंग त्याची बॅटरी संपली तर ती काय करंल गो?"

तेवढ्यात सासूबाईंनी पुस्तक माझ्या हातातून ओढलं. वाटलं, आता भिरकावतात.

"फार हळू वाचता तुम्ही," म्हणाल्या आणि स्वतःच पुढचं पान वाचायला लागल्या.

रात्री त्यांनी नितेशची बॅग स्वतः रिकामी केली आणि त्याच्या ताटात भाताचा डोंगर वाढला. "खा मुकाट्यानं. चारचौघांत माणूस वाटायला हवास."

मयुरी काही दिवस बोलली नाही. मग एकदा विरजणाची वाटी भरून देताना हसली. "काकू, यापुढे जे सांगाल ते नाव घेऊन सांगा."

ऐकलं मी तिचं! गेल्या आठवड्यात आयुष्यात पहिल्यांदा नावासकट खरी बातमी सांगितली. डॉक्टरांनी गोड बंद केलेले सावंतबाईंचे मिस्टर रबाळे स्टेशनबाहेर उभं राहून जिलेबी खात होते. ह्या डोळ्यांनी पाहिलं! सावंतबाईंना तोंडावर सांगितलं.

त्यांनी शेंग सोलली, दाणे परातीत टाकले आणि शांतपणे विचारलं,

"छान आहे हो, काकू. कुठल्या पुस्तकातलं?"