आजाऱ्याची पहिली धार

सुभानपुऱ्यात चहूकडून सोसायट्या उठल्या, तरी रखमाबाई मोहित्यांचा गोठा जागचा हलला नाही. आजेसासरे संस्थानच्या घोड्यांच्या पागेत नोकरीला होते, म्हणून गाईसुद्धा ओळीने बांधायच्या आणि ओळ मोडायची नाही, हा घरचा शिरस्ता. शेणाच्या वासाने कोणी नाक मुरडलं तर त्याचं दूध बंद, मग तो सोसायटीचा चेअरमन का असेना.

गाई पाच. शेवटच्या खुंट्याला मोरणी. तिची आई वितानाच गेली, तेव्हा रखमाबाईने तिला बाटलीने दूध पाजून वाढवलं. पोटच्या पोरापेक्षा तिचे लाड जास्त, असं सून मिताली म्हणायची आणि ते खोटं नव्हतं.

दिवाळीनंतर पहिल्या खुंट्याची सोनकी बिघडली. कास तापली, दगडासारखी घट्ट झाली, धारेत गाठी आल्या. औषधाने थोडा उतार पडतो न पडतो तोच शेजारची हरणी, मग तिच्या पलीकडची. कोणीतरी अगदी शिस्तीत ओळीने येत होतं, एकेकीच्या कासेवर हात ठेवून पुढे सरकत होतं. मोरणी गेली तर आपण गोठ्यात पाऊल टाकणार नाही, हे रखमाबाईला पक्कं ठाऊक होतं.

तिने लिंबू-मिरच्या टांगल्या, मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. एका संध्याकाळी गाईंच्या मागे गोवऱ्यांची राख पसरून ठेवली. जे काही फिरतं आहे त्याचं पाऊल उमटेल, असा तिचा हिशेब. सकाळी पाहिलं तर राख जशीच्या तशी. धारा काढून झाल्यावर तिने वळून पाहिलं, तेव्हा पावलं उमटली होती. तिचीच, अनवाणी, प्रत्येक गाईपाशी थांबत गेलेली. तिने ती घाईघाईने पुसून टाकली. का, ते तिलाच कळेना. त्याच दिवशी चौथ्या गाईचीही कास तापली.

मितालीने जनावरांच्या डॉक्टरला बोलावलं. डॉक्टर भक्ती शहरातल्याच दांडिया बाजारातली, मराठी घरातली पोर. ती म्हणाली की रोज काढता तशाच धारा काढा, मी नुसती बघते. रखमाबाईने सासूच्या लुगड्याचा मऊ तुकडा बादलीत बुडवला आणि आधी सोनकीची कास पुसली. आजारी गाय पहिली का, असं भक्तीने विचारलं.

"घरात दुखणाईताला आधीच वाढतो ने? तिला ताटकळत ठेवू?" रखमाबाई म्हणाली.

तोच तुकडा, तेच पाणी, तेच हात हरणीकडे गेले आणि तसेच पुढे. आजार आल्यापासून ती जास्तच मायेने, जास्तच वेळ पुसत होती. ती मोरणीपाशी वाकली तेव्हा भक्तीने तिचं मनगट धरलं.

"काकी, थांबा. हे तुमच्या हातांनीच पुढे जातंय."

भक्तीने मोरणीच्या चारही सडांची एकेक धार खळग्यांच्या थाळीत घेतली, तपासणीचं औषध टाकून हलवली. त्याच औषधाने सोनकीचं दूध लापशीसारखं घट्ट झालं; मोरणीचं पातळच राहिलं. मोरणी अजून वाचली होती. यापुढे तिची धार सगळ्यात आधी, आजारी गाई शेवटी, दर गाईला वेगळं फडकं आणि मध्ये साबणाने हात, असं भक्तीने बजावलं. वैरणही धारेनंतर टाकायची, म्हणजे गाई खात उभ्या राहतील, सडांची तोंडं उघडी असताना ओल्या जमिनीवर बसणार नाहीत.

संध्याकाळी रखमाबाईने कोपरापर्यंत हात धुतले, पुन्हा धुतले आणि मोरणीपाशी बसली. मोरणी सवयीने पाय फाकून उभी राहिली. इतके दिवस ज्याच्या भीतीने झोप उडाली होती, ते आता तिच्या मांडीवर पडलं होतं, स्वच्छ धुतलेलं, साबणाचा वास येणारं. सडाला लावायला हात उचलेनात.

ओळीच्या दुसऱ्या टोकाला सोनकी हंबरू लागली. आपल्याकडे आधी का कोणी आलं नाही, हे तिला कसं कळणार? ती हंबरतच राहिली. रखमाबाई रडत होती, पण उठली नाही. तिने डोळे दंडाला पुसले, हातांना नाही, आणि मोरणीची पहिली धार काढली.