घरधन्याच्या झाडावरची वेल

चाळीसगावहून धुळ्याकडे जाताना लागणाऱ्या एका खेड्यात सुंदरबाई राहायची. तिला कोणी वैदीण म्हटलं की ती चिडायची. पण पाऊस सरून हिवताप सुरू झाला की आसपासच्या गावांतले लोक गोधड्या पांघरून तिच्याच ओट्यावर येऊन बसत. गुळवेल ठेचून, रात्रभर भिजवून त्याचं कडूजहर पाणी ती पाजायची. वेल निंबावर चढलेलीच हवी, बाकीची वाया, असं तिला आईनं शिकवलं होतं.

अडचण एकच. नवऱ्याचं नाव निंबा! आणि नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं, हे कुठल्या बाईला सांगायला हवं? नाव झाडाचंही असलं म्हणून काय झालं? लग्न झाल्यापासून तो शब्द तिच्या तोंडून निघाला नव्हता. गावातल्या बायका हे जाणून होत्या, आणि मुद्दाम विचारून तिला छळायच्याही.

बावन्न साली धुळ्याहून जीवराम चौधरी आला. हिवतापावरच्या झाडपाल्याची तो एका सरकारी प्रयोगशाळेत परीक्षा करायचा. माणूस गोड, पण घाईचा. घरात सुंदरबाई एकटीच होती.

"अक्का, वेल कोणत्या झाडावरची?"

"मन्हा घरधनीना झाडवरनी शे, भाऊ. सर्वासले तीच देस मी."

"असं होय! तुमचं शेत कुठे?"

तो सहज विचारतोय असं वाटून बाईनं भाबडेपणानं शेताची वाट दाखवली. शेतात होती बाभूळ, आणि बाभळीवरही गुळवेल होतीच. जीवरामनं पोतंभर कापून नेली. आपल्या आईचं औषध सरकार तपासणार म्हणून सुंदरबाई मात्र वर्षभर हवेत होती.

पुढच्या वर्षी तो परत आला, तेव्हा निंबा आत तापानं फणफणला होता.

"अक्का, तुमच्या बाभळीवरची वेल हिवताप टोचलेल्या कोंबडीच्या पिलांना दिली. काही गुण नाही हो."

बाभळीवरची!

"ती नई भाऊ. घरधनीना झाडवरनी..."

"तीच तर नेली," तो दमून हसला.

शब्द जिभेच्या टोकावर आला होता. आतून निंबा कण्हला. धडधाकट असताना जे नाव घेतलं नाही, ते आता घ्यायचं? झाड बोटानं दाखवावं, तर ते मारुतीच्या देवळामागं, गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. आणि जीवरामला गाडी गाठायची होती. झाडपाल्याचं काम आता बंद होणार, घरोघर फवारणी येणार, असं सांगून त्यानं निंबासाठी गोळ्या ठेवल्या आणि तो गेला. ती तोंड दाबून बुक्क्यांचा मार सोसत दारात उभी राहिली.

निंबा बरा झाला. गोळ्यांनी की वेलीनं, देव जाणे. तिनं दोन्ही दिलं होतं. घडलेलं ऐकून तो पोट धरून हसला. "जाऊत धुयाले, मीच सांगसू," म्हणाला. पण कधी कापूस आडवा आला, कधी लग्नसराई. पाच वर्षांनी त्याला शेतात सापाचं पान लागलं, आणि नाव न घेता जपलेलं आयुष्य एका दुपारी संपलं.

मग ती एकटीच धुळ्याला गेली. वरातीमागून घोडं! जीवरामची कधीच बदली झालेली. नव्या साहेबासमोर तिनं डोळे मिटून सांगून टाकलं, "निंबवरनी येल व्हती, भाऊ." आणि ती ढसढसा रडू लागली. एका झाडाच्या नावाला म्हातारी का रडते, हे त्या बिचाऱ्याला कसं कळावं?

"अक्का, आता हिवताप राहिलाच कुठे?" तो समजुतीनं म्हणाला.

खोटं नव्हतं ते. फवारणीनं ताप पळाला होता. लेकरं वाचत होती, आणि सुंदरबाईचा ओटा रिकामा पडला होता. आई खरी होती की खोटी, हे आता कोणालाच कळणार नव्हतं. याचं दुःख ती कोणाला सांगणार?

त्या दिवाळीत शेजारची भिकुबाई कडेवर तान्हं घेऊन कुडकुडत दारात आली. सुंदरबाई लगबगीनं उठली. कित्येक दिवसांनी तिचा चेहरा उजळला होता. तिनं भिकुबाईच्या कपाळावर हात ठेवला.

"नई वं माय," भिकुबाई हसली, "थंडा पानीघाई न्हायनू मी. इस्तू मांगाले उनू."

कपाळ गार होतं. सुंदरबाईनं चुलीतला निखारा काढून दिला, आणि भिकुबाई गेल्यावर ती चुलीपुढं बसून राहिली. लेकुरवाळ्या पोरीला ताप नाही, याचं तिला वाईट वाटलं होतं.