साइट पडू नये म्हणून आणलेली कॅश

ऱ्हस्व-दीर्घ चुकेल आणि अक्षर कोंबडीनं माती उकरल्यासारखं दिसेल, त्याची माफी असावी. चौथीनंतर हातात पेन्सिलीपेक्षा उलथनंच जास्त आलं. हे कुणाला दाखवायचं नाही, तरी माफी मागून ठेवलेली बरी.

माझ्या पोरानं वसमतला खोली भाड्यानं घेऊन हळदीच्या भावाची वेबसाइट काढली होती. बाजारात भाव निघाला की तो तिथं लिहायचा आणि गावोगावचे लोक बघायचे. व्यापाऱ्यांच्या जाहिरातींवर त्याचं भागायचं. पण हंगामात सगळे एकदमच बघायला लागले की साइट पडायची, म्हणजे कुणालाच उघडायची नाही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी विचारलं होतं, "कुणाला लागलं तर न्हाई ना?"

एका हंगामात मोठ्या जाहिरातवाल्यानं बजावलं, "पुढच्या बाजाराला साइट पडली तर जाहिरात बंद." म्हणजे खोलीही बंद. पोराचे वडील त्याचीच वाट बघत होते. त्यांनी त्याच्यासाठी म्हशींची धार काढायचं काम राखून ठेवलं होतं.

त्या दिवशी पोरगं घरी आलं होतं आणि फोनवर मित्राला सांगत होतं, "कॅश लावल्याबिगर भागत न्हाई. पहिल्यापासून कॅश असती तर साइट पडलीच नसती."

मी दाराआडून ऐकलं. जन्मात कुणाकडं चिमूटभर मीठ मागितलं नव्हतं, पण शेजारच्या बांगडीवाल्या चाचीकडं गेले. पैसे मागायचं सोडून नुसत्या बांगड्याच बघत बसले. शेवटी चाची म्हणाली, "बाई, हात दोनच हैत तुझे. काय तकलीफ हाय ते सांग."

"पोराला कॅश पाहिजे," मी म्हणाले. तिनं काही न विचारता नोटांची पुरचुंडी हातात ठेवली.

पोरानं ती बघितली आणि हसून हसून जमिनीवर बसलं. "माय, मी म्हणत होतो ती कॅश ही न्हाई! ती फुकट मिळते."

"मग काय असतं ते?"

"आता जो येईल त्याच्यासाठी साइट नवी भाकरी थापते. हजार जण आले की चूल बसते. कॅश म्हणजे एकदा थापून दुरडीत ठेवायची, अन् येईल त्याला तीच वाढायची."

मी पैसे परत न्यायला उठले, तर म्हणालं, "आणलेच हैस तर राहू दे. एका चुलीवर भागणार न्हाई. साइट चालवायला अजून एक मशीन भाड्यानं घेतो."

बाजाराच्या दिवशी पोरगं घरीच लॅपटॉप घेऊन बसलं होतं. साइट पडली नाही. दुपारी जाहिरातवाल्याचा फोन मात्र आला, "हे काय जुनं कॅलेंडर हाय व्हय? कालचाच भाव दिसून राहिला!"

पोरानं कपाळावर हात मारला. मी हळूच विचारलं, "शिळी वाढली का रे?"

मग नवा भाव लिहिला की दुरडी आपोआप रिकामी व्हावी, अशी सोय त्यानं घाईघाईनं केली. संध्याकाळपर्यंत साइट उभी होती. जाहिरातवाला म्हणाला, "बराबर हाय. जाहिरात चालू ठेवा." पोराच्या वडलांनी त्या दिवशी धार स्वतःच काढली, बादली जरा जोरात आपटून.

जाहिरातीचे पैसे येतील तसे मी चाचीला देत गेले. दिवाळीच्या तोंडावर शेवटचे दिले. तिनं नोटा मोजल्या, बटव्यात घातल्या आणि म्हणाली, "फिटले सगळे. आता बस, चहा पी."