आकाशातला रेडिओ आणि कौसल्येची नजर

कौसल्येने जन्मभर मिरच्यांची देठं खुडली. गिरणी बंद पडून नवरा घरी बसला, तेव्हा ती लालबागच्या एका मसाल्याच्या दुकानात जाऊन बसली, ती थेट गुडघे बोलायला लागेपर्यंत. बोटांत तिखट एवढं मुरलेलं, की निलेश लहान असताना त्याच्या डोळ्यांत काजळ घालायची तिची टाप नव्हती. ते काम तिची धाकटी जाऊ करायची, रखमा. पोर कौसल्येचं, आणि काजळ घालून घेताना खुदकन हसायचं रखमाकडे बघून. पहिली ठिणगी तिथेच पडली बघा.

मग ती ठिणगी कधी विझलीच नाही. चाळीत एकाच मजल्यावर दोघींच्या खोल्या. रखमाच्या खिडकीतून वारा येई, कौसल्येच्या खिडकीतून शेजारच्या न्हाणीघराचा वास. रखमाचं लोणचं वर्षभर टिके, हिच्या बरणीला श्रावणातच बुरशी. आणि रखमा तरी कशी? वाईट असती तर भांडता आलं असतं. ती सणाला वाटी भरून पाठवायची आणि वर विचारायची, "वैनी, मीठ बरोबर पडलंय ना?" बरोबरच पडलेलं असायचं. त्याचाच तर राग.

आता रखमाच्या प्रितेशने गाडी घेतली. कौसल्येच्या निलेशकडे स्कूटर. तीही अँटॉप हिलला, तो तिकडे वेगळा राहतो म्हणून. गाडी यायच्या आधीच तिची कीर्ती आख्ख्या मजल्यावर पोचली होती. वर काचेचं छत, आत गार हवा. पण रखमाच्या तोंडी एकच गोष्ट, रेडिओ.

"वैनी, शोरूमवाला म्हणाला, थेट उपग्रहावरून येतो. जगातलं कुठलंही स्टेशन लावा. आपलं कोकणातलं तर असं ऐकू येईल, जशी देवळातली घंटा!"

कौसल्या पोळी लाटत होती. ती पोळी जरा वाकडी झाली.

कारण असं, की तिचा भाऊ शिवा गावाकडे भजनीबुवा. घशाचं ऑपरेशन झाल्यापासून तो गायलाच नव्हता. डॉक्टरने नको म्हटलेलं, आणि तोही गप्प राहिला. यंदा मंडळींनी त्याला हाताला धरून तिकडच्या आकाशवाणीवर नेलं आणि त्याचं भजन ध्वनिमुद्रित झालं. रविवारी संध्याकाळी लागणार होतं. कौसल्येने आपला जुना ट्रान्झिस्टर गॅलरीच्या कठड्यावर ठेवून बघितला, धान्याच्या डब्यावर उभा करून बघितला. मुंबईत ते स्टेशन लागायचं नाव नाही.

"रविवारी आमच्या गाडीत बसा," रखमा म्हणाली. "शिवादादा आपण सगळ्यांनी मिळून ऐकूया."

भाऊ आपला, आणि ऐकायचा हिच्या गाडीत! कौसल्येच्या घशाशी आलं, ‘त्यापेक्षा नाही ऐकला तर काय मरणार आहे?’ पण रात्रंदिवस मनात तेच. शिवाचा आवाज आता कसा येत असेल? वरची पट्टी लागत असेल का?

गाडी आली, चाळीच्या चौकात उभी राहिली. गुलबक्षी रंगाच्या रिबिनी, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, चाकाखाली लिंबं. नारळ फुटला. आणि रखमा म्हणाली, "दृष्ट घरातल्या मोठ्या बाईनेच काढायची. वैनी, या."

आता बोला! चोराच्या हाती तिजोरीची किल्ली.

कौसल्येने मुठीत मीठ-मोहरी आणि रखमाने दिलेल्या मिरच्या घेतल्या आणि गाडीवरून ओवाळायला लागली. "आल्यागेल्याची, पाप्या-चांडाळाची, भुताखेताची, शेजाऱ्यापाजाऱ्याची..." पुढे ‘घरच्यादारच्याची’ असतं. तिथे तिची जीभ अडखळली. तो शब्द तिने आवंढ्याबरोबर गिळून टाकला आणि मूठ निखाऱ्यांवर टाकली.

सगळे ठसका लागायची वाट बघत राहिले. मिरच्या जळल्या, धूर झाला. पण कुणी साधं खाकरलंसुद्धा नाही. आणि ठसका नाही म्हणजे दृष्ट जबर, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत.

"अगो बाय!" रखमाने छातीला हात लावला. "केवढी लागली होती! कुणाचं एवढं पोट दुखतंय?" आणि तिने वर बघितलं, दुसऱ्या मजल्यावरच्या शेजारणीच्या, मेघनाच्या दाराकडे.

कौसल्या निखाऱ्यांकडे बघत राहिली.

मग प्रितेशने सगळ्यांसमोर रेडिओचं बटन दाबलं. पडदा उजळला. त्यावर एक ओळ आली. त्याने परत दाबलं, परत तीच ओळ.

"काय म्हणतंय रे?" रखमाने विचारलं.

"ही सेवा तुमच्या देशात उपलब्ध नाही."

शोरूमला फोन झाला. तिथला माणूस म्हणाला, बटन सगळ्या गाड्यांना सारखंच येतं साहेब, सेवा मात्र परदेशात. तुम्ही एफएम ऐका, मुंबईची सगळी स्टेशनं लागतात. प्रितेशचे कान लाल झाले. रखमा पदराने आधीच स्वच्छ असलेली काच पुसत राहिली.

खरं सांगायचं तर त्या घडीला कौसल्येच्या पोटात गुळाचा खडा विरघळला. पण जिना चढेपर्यंतच. तिसऱ्या मजल्यावर पोचली आणि कठड्याला धरून उभी राहिली. रखमाचा रेडिओ गेला, म्हणजे शिवाही गेला की! आणि घालवला कुणी? आपल्याच डोळ्यांनी. वर घरच्यांची नजर काढायची ती आपणच गिळली.

रविवारपर्यंत तिला अन्न गोड लागलं नाही. रविवारी चार वाजता तिने रखमाचं दार ठोठावलं.

"रखमा, मिरच्या घेऊन खाली चल. दृष्ट परत काढायची."

"आता कशाला वैनी? तो रेडिओ काय..."

"चल म्हणते ना!"

या खेपेला तिने सगळी यादी मोठ्याने म्हटली. "शेजाऱ्यापाजाऱ्याची, घरच्यादारच्याची..." थांबली. "आणि घरातल्या मोठीची."

"मोठीची म्हणजे?" रखमाने विचारलं.

"म्हणजे माझी गो! आणखी कोण मोठी आहे इथे?"

रखमा कमरेवर हात ठेवून हसायलाच लागली. "ते मला ठाऊक नाही होय? वैनी, तुमची नजर लागत असती ना, तर माझं लोणचं कधीच नासलं असतं!"

कौसल्येने रागाने मूठ निखाऱ्यांवर टाकली. असा ठसका उठला म्हणता! रखमा खोकतेय, प्रितेश खोकतोय, वर मेघनाने खिडक्या लावून घेतल्या. कौसल्येच्या डोळ्यांतून पाणी. मागच्या खेपेला रखमाने नुसत्या रंगाची, बिनतिखट ब्याडगी आणली होती आणि आज झणझणीत लवंगी, हे मूठ वळतानाच तिच्या बोटांना कळलं होतं. ती बोलली नाही. नजर गेली ती गेली.

लगबगीने ती गाडीत बसली. "आता लाव."

प्रितेशने बटन दाबलं. तीच ओळ. नजर उतरली, पण देश काही बदलला नाही.

 मग कौसल्या म्हणाली, "प्रितेश, शिवामामाला फोन लाव बाबा. तिकडे तो समजत असेल, बहीण ऐकतेय. खोटं कशाला?"

फोन लागला आणि शिवाचा आवाज एकदम चारी बाजूंनी आला. दारांतल्या स्पीकरांतून, डोक्यामागून. कौसल्या दचकून सीटवर सरकली.

"काय गो बाय, लागला काय?"

"नाय रे. हयसर काय लागना नाय."

"मगे थांब. फोन ठेव नको." तिकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. शिवाने फोन आपल्या ट्रान्झिस्टरला टेकवून धरला.

खरखर झाली. मग मृदंग, मग झांजा, आणि मग शिवा. घोगरा, खाली बसलेला आवाज. वरच्या पट्टीला तो गेला, थोडा फाटला, आणि फाटूनसुद्धा तिथे उभा राहिला. गाडी भरून गेली. कौसल्येने डोळे मिटले. मिरचीचं पाणी अजून वाहतच होतं, ते एक बरं झालं.

भजन संपायला आलं तेव्हा तिने डोळे उघडले. रखमा पुढच्या सीटवर होती, मागे वळून बघत होती. तोंडावर हसू, पण डोळे कुठेतरी अडकलेले.

"वैनी," ती हळूच म्हणाली, "माझ्या एकाही भावाला साधी आरती धड म्हणता येत नाही हो."

ती नजर कौसल्येने ओळखली. ती नाही ओळखणार तर कोण? जन्मभर स्वतःच्याच डोळ्यांत वागवलेली. तिच्या छातीत असं काही गार गार पसरलं, की त्या गाडीच्या हवेला लाजवील.

पण भाऊ तो भाऊ. पदराच्या गाठीला उरलेलं चिमूटभर मीठ होतं. ते तिने सोडलं, मुठीत घेतलं आणि शिवा गात होता त्या प्रितेशच्या फोनवरून हळूच उतरवायला लागली. "आल्यागेल्याची, पाप्या-चांडाळाची..." आणि रखमाकडे न बघता, जरा मोठ्याने, "घरातल्या धाकटीची."